क्वालालंपूर ते बँकॉक: दोघांनी, रेल्वेने, बेताच्या खर्चात

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीआधी वर्तमानपत्रांत सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या, की ‘सिंगापूर-मलेशिया-थायलंड’ हे त्रिकूट हमखास दिसते. सहा-सात रात्रींत तीन देश. नुकतेच लग्न झालेले जोडपे असो, की मुलांची शिक्षणे उरकून पहिल्यांदाच परदेशी निघालेले पन्नाशीतले नवरा-बायको, पहिला विचार याच चौकटीत होतो. स्वतः आखणी करायची ठरवली तरी डोक्यात तेच तीन देश असतात आणि आपण त्यांच्यामधली स्वस्त विमाने शोधत बसतो. बजेट बिघडते ते इथेच. आग्नेय आशियातल्या बहुतेक शहरांत राहणे, खाणे, फिरणे अजूनही मध्यमवर्गीय मराठी घराच्या आवाक्यात आहे. महाग पडतात त्या एका शहरातून दुसऱ्या शहरात मारलेल्या उड्या. प्रत्येक उडीला दोन तिकिटे, सामानाचे वेगळे पैसे, दोन्हीकडे विमानतळापर्यंतचा खर्च, आणि शिवाय एक अख्खा दिवस हातचा जातो.

म्हणून पहिल्या सहलीसाठी मी दोन देश आणि तीन शहरे सुचवेन: क्वालालंपूर, पेनांगमधले जॉर्जटाउन आणि बँकॉक. दहा रात्री पुरतात. तिन्ही शहरे रेल्वेने जोडलेली आहेत, त्यामुळे मध्ये एकही विमान लागत नाही. जाताना मुंबई ते क्वालालंपूर आणि येताना बँकॉक ते मुंबई अशी दोन एकेरी तिकिटे काढायची. एकाच शहराचे जाऊन-येऊन तिकीट काढले, तर शेवटी पुन्हा त्या शहरात परतावे लागते आणि तिथे एक रात्र नाहक खर्ची पडते. कमी भाड्याच्या विमानांत केबिन बॅगेला साधारण सात किलोंची मर्यादा असते आणि काही कंपन्या दारावर खरोखर वजन करतात. दोघांत दोन छोट्या बॅगा आणि चेक-इनचे एकच सामान विकत घेतले, तर भागते. या भागात लाँड्री गल्लोगल्ली आहेत, कपडे चार दिवसांपुरतेच घ्या.

कागदपत्रांचे आधी बघू. गेल्या काही वर्षांत मलेशिया आणि थायलंड या दोन्ही देशांनी भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली आहे. मलेशियाची सूट १ डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. मात्र अशा सवलतींच्या मुदती आणि दिवस सरकारे बदलत असतात, त्यामुळे विमानाचे पैसे भरण्याआधी त्या त्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः खात्री करा, ओळखीच्याच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. दोन्ही देशांना पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. मलेशियाचा ‘एमडीएसी’ आणि थायलंडचा ‘टीडीएसी’. दोन्ही फुकट आहेत. सरकारी पानासारखी दिसणारी, पैसे मागणारी पाने शोधात वर येतात. त्यांवर पासपोर्टची माहिती भरू नका. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. परतीचे तिकीट आणि पहिल्या हॉटेलचे आरक्षण छापून जवळ ठेवा, इमिग्रेशनवर मोबाइलची बॅटरी संपलेली असणे परवडत नाही.

क्वालालंपूरला उतरल्यावर पहिला हिशेब लगेच करावा लागतो. विमानतळावरून शहरात नेणारी वेगवान रेल्वे अर्ध्या तासात केएल सेंट्रल या मुख्य स्टेशनला पोहोचवते, पण तिचे तिकीट माणशी ५५ रिंगिट, म्हणजे दोघांचे ११०. ग्रॅब या टॅक्सी अ‍ॅपवरची अख्खी गाडी बहुतेक वेळा त्याहून कमी पैशांत थेट हॉटेलच्या दारात सोडते, आणि बस सर्वांत स्वस्त. एकट्याने फिरणाऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले जोडप्याला लागू पडत नाहीत ते असे. मेट्रोचे तिकीट डोक्यांवर असते, ग्रॅबचे भाडे गाडीवर. जवळच्या अंतराला दोन तिकिटांची बेरीज करून मग ठरवा. संध्याकाळी पाच ते आठ मात्र बिनदिक्कत मेट्रो घ्या, कारण त्या वेळी रस्ते तुंबलेले असतात.

मुक्काम केएल सेंट्रलला लागून असलेल्या ब्रिकफील्ड्स भागात करावा. हाच तिथला लिटल इंडिया, त्यामुळे केळीच्या पानावरचा भात-सांबार, डोसा, चहा पायाशी मिळतो. आणि पुढची रेल्वेही इथूनच सुटते. मलेशियात परदेशी पर्यटकांना प्रत्येक खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर हॉटेलच्या काउंटरवर वेगळा भरावा लागतो, तो ऑनलाइन दरात धरलेला नसतो.

शहरात दोन पूर्ण दिवस पुरेत. बातू गुंफांना केएल सेंट्रलवरून लोकल जाते, तीही काही रिंगिटांत. मुरुगनाची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती २००६ साली उभी राहिली, तिच्या शेजारून २७२ रंगीत पायऱ्या चढून मुख्य गुंफेत जाता येते आणि त्यासाठी तिकीट नाही. सकाळी आठच्या आत पोहोचा. उन्हाआधी चढणे होते आणि माकडांचा उपद्रवही गर्दीच्या वेळेपेक्षा सोसवतो. गुडघे झाकणारे कपडे हवेत. पेट्रोनास जुळे मनोरे ४५२ मीटर उंच आहेत, १९९८ ते २००४ या काळात जगात सर्वांत उंच इमारत म्हणून त्यांची नोंद होती. वर जाण्याचे तिकीट महाग आहे आणि माझ्या मते ते सोडले तरी चालते. मनोरे बघायचे ते खालून, दिवे लागल्यावर, केएलसीसी बागेतून; तिथे बसायला पैसे पडत नाहीत. उरलेला वेळ मर्देका चौक, जामेक मशीद आणि सेंट्रल मार्केट या पायी फिरण्याजोग्या पट्ट्यात घालवा.

केएल सेंट्रलहून बटरवर्थला जाणारी ईटीएस ही विजेवरची गाडी चार-सव्वाचार तासांत पोहोचते. स्टेशनला लागूनच फेरीचा धक्का आहे. पंधरा मिनिटांत बोट खाडी ओलांडते आणि तुम्ही जॉर्जटाउनच्या जुन्या भागात उतरता. या सहलीत कुठे एक रात्र वाढवायची असेल, तर ती इथे वाढवा. बजेटमध्ये फिरणाऱ्या जोडप्याला इतके भरभरून देणारे दुसरे शहर या वाटेवर नाही.

जॉर्जटाउन २००८ साली मेलाकासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. बघण्यासारखे जे आहे ते बहुतेक रस्त्यावरच आहे. एका जुन्या रस्त्यावर आणि त्याच्या लगतच्या गल्ल्यांत १८१८ सालचे सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचे दयेच्या देवीचे मंदिर, तमिळांचे महामारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद सलग लागतात. सकाळी सातच्या सुमाराला या रस्त्याने चाला. चिनी मंदिरासमोर मोठमोठ्या उदबत्त्यांचा धूर असतो, मारिअम्मनच्या देवळात अभिषेकाची घंटा वाजत असते, कोपऱ्यावरच्या मामाक, म्हणजे तमिळ मुस्लिमांच्या, टपरीवर रोटी चनाईचा गोळा तेलाच्या हातांनी ओट्यावर आपटून पापुद्र्याएवढा पातळ केला जातो, त्याची घडी तव्यावर पडते आणि शेजारी दुसरा माणूस एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून चहा ओततो. दोन रोट्या, डाळ आणि दोन चहा, दोघांचा नाश्ता शे-दोनशे रुपयांत होतो. चहात कंडेन्स्ड मिल्क असते, साखर कमी हवी असेल तर आधी सांगावे लागते.

आर्मेनियन स्ट्रीटच्या परिसरातली भिंतींवरची चित्रे लिथुआनियन चित्रकार अर्नेस्ट झकारेव्हिच याने २०१२ मध्ये काढायला सुरुवात केली. आता तिथे फोटोसाठी रांग लागते, म्हणून तेही सकाळीच उरका. समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या वस्त्यांपैकी च्यू जेटी पाहता येते, पण तिथे लोक राहतात, तेव्हा घरांत डोकावू नका आणि संध्याकाळी उशिरा जाऊ नका. जुन्या भागात फिरणारी ‘कॅट’ ही मोफत बस आहे. केक लोक सी मंदिर आणि पेनांग टेकडी शहराबाहेर एकाच दिशेला आहेत, दोन्ही एका दिवसात होतात. टेकडीच्या केबल रेल्वेला शनिवार-रविवारी फार गर्दी असते.

आता या प्रवासाचा कणा, म्हणजे पेनांग ते बँकॉक. बटरवर्थहून पडांग बेसार या सीमेवरच्या स्टेशनापर्यंत लोकल गाडी दोन तासांत जाते. पडांग बेसारला एकाच इमारतीत आधी मलेशियाचा बाहेर पडण्याचा आणि मग थायलंडचा आत येण्याचा शिक्का बसतो. तिथून संध्याकाळी थाई रेल्वेची रात्रीची गाडी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकॉकला आणते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मलेशियाचे घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे असते. लोकल मलेशियाच्या वेळेने धावते, रात्रीची गाडी थाई वेळेने. तिकिटावरची वेळ कोणत्या देशाची हे पाहून मगच बटरवर्थहून निघा आणि मध्ये दोन-तीन तासांची सवड ठेवा.

दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात सगळ्या जागा आपल्याकडच्या साइड लोअर आणि साइड अप्परसारख्या खिडकीला समांतर असतात, पण रुंद. दिवसा दोघे समोरासमोर बसतात. अंधार पडला की परिचर येतो, दोन बाके ओढून जोडतो, भिंतीत दुमडलेला वरचा बर्थ खाली घेतो, गादी अंथरतो, प्लास्टिकच्या पिशवीतून धुतलेली चादर काढून तिची टोके घट्ट खोचतो, पडदा लावतो आणि पुढच्या जोडीकडे वळतो. एका बर्थला दोन-तीन मिनिटे. खालचा बर्थ रुंद असतो, त्याला खिडकी असते आणि तो थोडा महागही असतो. वरचा अरुंद आणि एसीच्या जवळ. आरक्षण करताना एकाच जागेचे खालचे-वरचे घ्या, म्हणजे दिवसा समोरासमोर बसता येते. थाई रेल्वेत दारूला बंदी आहे. खाण्याचे सोबत ठेवा आणि थोडे बाट आधीच बदलून घ्या. भाडे माणशी साधारण हजार बाटच्या आसपास पडते, त्यात एका रात्रीचे हॉटेल वाचते.

इथे सावधगिरीचे दोन शब्द. थायलंडच्या अगदी दक्षिणेकडच्या पट्टनी, याला आणि नराथिवात प्रांतांत बऱ्याच वर्षांपासून अशांतता आहे. तिथे उतरू नका. ही गाडी हात्याईमार्गे जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात या पट्ट्यात जोराचा पाऊस असतो आणि २०२५ च्या नोव्हेंबरात हात्याई शहर पुराखाली गेले होते. त्या दोन महिन्यांत जाणार असाल, तर हा एक टप्पा विमानानेच करा. जानेवारी ते मार्च हा या वाटेसाठी मला सर्वांत चांगला काळ वाटतो, फक्त चिनी नववर्षाचा आठवडा टाळा, मलेशियात त्या वेळी गाड्या आणि हॉटेले भरलेली असतात.

बँकॉकला गाडी क्रुंग थेप अफिवात या मोठ्या नव्या स्टेशनात येते. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ च्या जानेवारीत इथे हलवल्या गेल्या. खाली एमआरटी या मेट्रोची निळी मार्गिका आहे आणि तिच्यावर आपल्या बँकेचे आंतरराष्ट्रीय वापरासाठी सुरू केलेले टॅप करण्याचे कार्ड चालते. म्हणून खोली याच निळ्या मार्गिकेवर, हुआ लाम्फोंग ते साम योट यांच्या दरम्यान घ्या. चायनाटाउन पायी, भारतीय दुकानांचा पाहुरात भाग पायी, आणि सनाम चाय स्टेशनवर उतरले की वाट फो देऊळ चालत पाच-दहा मिनिटांवर. परतीला याच मार्गिकेने फेचबुरीला उतरून शेजारच्या मक्कासानहून विमानतळाची रेल्वे मिळते. लांबच्या उपनगरात रात्रीमागे तीन-चारशे रुपये कमी देऊन घेतलेली खोली रोज ते पैसे भाड्यात परत घेते, वर तासभर खाते.

बँकॉकच्या राजवाड्याचे तिकीट माणशी ५०० बाट आहे. बाट अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरला, तर दोघांचे अडीच-तीन हजार. एवढे पैसे मोजावेत, अशी ती जागा आहे, पण सकाळी उघडताच जा आणि खांदे-पाय झाकलेले कपडे घाला. वाटेत कोणी नम्रपणे थांबवून ‘आज राजवाडा बंद आहे, स्वस्तात टुकटुक करून देतो’ म्हणाले, तर मान हलवून पुढे चला. ती टुकटुक रत्नांच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानात नेते. वाट फोमधली पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. समोरच्या था तियेन धक्क्यावरून काही बाटांत नदी ओलांडली की वाट अरुण हे देऊळ.

नदी हीच बँकॉकची सर्वांत स्वस्त सहल. साथोर्न धक्क्याजवळ बीटीएस ही उन्नत रेल्वे थांबते, तिथे पर्यटकांच्या महागड्या बोटीकडे बोलावणारे काउंटर आधी दिसते. तुम्ही नारिंगी झेंड्याची बोट विचारा. तिचे भाडे कुठेही उतरलात तरी सारखेच, पंधरा-सोळा बाट. कंडक्टर बाई लांबट पत्र्याची नळी खुळखुळवत येते, नाणी तिच्यात टाकते आणि त्याच नळीच्या झाकणात तिकीट फाडते. शेवटच्या नोंथाबुरी धक्क्यापर्यंत जा, तिथल्या बाजारात फिरा आणि त्याच बोटीने परत या. दुपारी अडीच-तीनला निघालात, तर परतताना ऊन उतरलेले असते.

शाकाहारी वाचकांना खास सांगायचे आहे. थायलंडमध्ये भाजी आणि भात मागवला तरी त्यात माशाचा सॉस असतो, पपईच्या सॅलडमध्ये सुकी कोळंबी असते आणि करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची पेस्ट. मलेशियाच्या सांबाल चटणीतही तीच. रस्त्यावर पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे दिसणारे चिन्ह शोधा. उच्चार ‘जे’. या जेवणात मांस, मासे, अंडे, दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतात, त्यामुळे जैन जेवण जेवणाऱ्यांनाही ते चालण्यासारखे आहे. बटाटा-गाजरासारख्या कंदांचे मात्र विचारून घ्या. मलेशियात मामाक टपरीवर डाळ मटणाच्या रश्शात मिसळलेली नाही ना, हे विचारावे. मांसाहारी असून बीफ टाळणाऱ्यांनी हलाल पाटीवर समाधान मानू नये, हलाल दुकानात डुक्कर नसते पण बीफ असू शकते. मेतकूट, खाकरे आणि चटणी बॅगेत असू द्या, पण रोज तेच खायला एवढ्या लांब जाऊ नका.

पैशांबाबत थोडक्यात. थायलंडमधले एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी दोनशेवर बाट शुल्क घेते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. मशीन किंवा दुकानदार ‘रुपयांत आकारू का’ असे विचारतो, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो. दोघांची कार्डे दोन वेगळ्या बँकांची आणि दोन वेगळ्या बॅगांत हवीत. प्रवास विमा घ्या. भाड्याची स्कूटर चालवू नका, योग्य परवान्याशिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. विमान सोडून दोघांचा दहा रात्रींचा खर्च, साधी स्वच्छ एसी खोली धरून, पाऊण लाखाच्या आसपास बसतो: नऊ रात्रींच्या खोल्यांना बावीस-तेवीस हजार, जेवणखाणाला अठरा-वीस, रेल्वे आणि शहरातल्या फिरण्याला सोळा-सतरा, तिकिटांना सात-आठ, आणि उरलेले सिमकार्ड, विमा व अडीअडचणीला. पॅकेज घेतलेत, तर त्यावर कापलेला टीसीएस विवरणपत्र भरताना हिशेबात घ्यायला विसरू नका.

आणि दोघांविषयी. बजेटच्या सहलीत भांडणे पैशांवरून होतात असे वाटते, पण बहुतेक वेळा ती थकव्यावरून होतात. ऊन, दमट हवा, पाठीवर बॅग, आणि एकाला अजून एक देऊळ बघायचे असते. दुपारी बारा ते अडीच खोलीत परत या, अंघोळ करा, झोपा. खोली मध्यवर्ती घेण्याचे खरे कारण हेच आहे. सकाळ एकाच्या आवडीची, संध्याकाळ दुसऱ्याच्या, असे आधीच वाटून घ्या. एखादी दुपार वेगवेगळे फिरायलाही हरकत नाही. आणि दिवसाला पाचशे रुपये असे बाजूला ठेवा, ज्यांचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही.

दुसऱ्या शहरांचे काय? सिंगापूर सुंदर आहे, बोटॅनिक गार्डन आणि गार्डन्स बाय द बेचा बाहेरचा भाग, रात्रीच्या दिव्यांच्या खेळासह, फुकट आहे, हॉकर सेंटरांत जेवण परवडते. पण व्हिसा लागतो आणि खोलीचे दर बजेट उलटेपालटे करतात. जायचेच असेल, तर घरचा मसाला नेताना बघा: सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, खायच्या तंबाखूला आणि गुटख्यालाही. अंकोरच्या देवळांचा मोह सुटत नसेल तर कंबोडियासाठी वेगळी सहल करा. तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा, म्हणजे दोघांचे १२४ डॉलर फक्त प्रवेशाचे. शिवाय २०२५ मधल्या संघर्षानंतर थायलंड-कंबोडिया सीमेवरचे रस्ते बंद झाले, त्यामुळे बँकॉकहून बसने जाण्याची जुनी स्वस्त वाट धरून आखणी करू नका. व्हिएतनाम दुसऱ्या खेपेला ठेवा, हनोईपासून दक्षिणेकडे रेल्वेने उतरत जाण्यासारखा तो देश आहे. तिथे २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असतात, अंधारात मोजू नका.

तारखा ठरवल्यात, की पहिल्यांदा विमान शोधू नका. आधी पडांग बेसार ते बँकॉक गाडीचे खालचे-वरचे बर्थ थाई रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा, कारण जोडीने मिळणारे बर्थ सर्वांत आधी संपतात. ते मिळाले की त्या रात्रीच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस मोजा, मग विमानाची तिकिटे काढा, आणि हॉटेले शेवटी, फुकट रद्द करता येतील अशीच.